प्रार्थनेत उत्तर आलं नाही

पवित्र शास्त्रात माणसामाणसांत भेद करताना जे जे पकडले गेले आहेत त्यांची यादी काढली, तर तिच्यात परका माणूस शोधावा लागतो. मोशेची सख्खी बहीण मिर्याम आहे, भाऊ अहरोन आहे. इशायचा थोरला मुलगा अलियाब उंचापुरा दिसला, म्हणून हाच राजा असं मनात ठरवून टाकणारा शमुवेल आहे. निनवेच्या लोकांना देवानं क्षमा केली म्हणून रुसून शहराबाहेर बसलेला योना आहे. शोमरोनी लोकांनी गावात उतरू दिलं नाही, तर त्यांच्यावर आकाशातून अग्नी पाडू का, असं प्रभूला विचारणारे याकोब आणि योहान आहेत. पेत्र तर एकदा सोडून दोनदा आहे. सगळी घरची माणसं. आमच्याकडे मुलांना नावं ठेवतात ती यांचीच.

ही यादी मला फार उशिरा दिसली. मंडळीत मी वर्षानुवर्षं शब्बाथशाळा घेतली, पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेशही केला, आणि भेदभावाच्या विषयावर तर मी हुकमी वक्ता होतो. पण माझ्या उपदेशात भेदभाव करणारा माणूस ठरलेला असायचा: परूशी, याजक, लेवी. नगर जिल्ह्यात राहून परूशी म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला मुलांकडून बसवून घ्यायचो, तेव्हा माझ्या याजकाला उपरणं आणि शेंडी असायची. लोक हसायचे, टाळ्या पडायच्या. रस्त्याच्या कडेला अर्धमेला पडलेला तो माणूस म्हणजे आम्ही, हे न सांगता सगळ्यांना कळायचं.

त्यात खोटं काही नव्हतं. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच गावात खोली शोधत हिंडत होतो. एका घरी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, भाडं ठरलं. मग घरमालक सहज विचारावं तसं म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कोणत्यातले?" मी म्हणालो, "ख्रिस्ती." ते म्हणाले, "ते झालं हो. त्याआधीचे?" मी खरं ते सांगितलं. ती खोली मेव्हण्याला लागणार असल्याचं त्यांना तेवढ्यात आठवलं. निघताना पाहिलं, तर मी पाणी प्यालेला तांब्या न्हाणीच्या दगडापाशी वेगळा काढून ठेवला होता.

ही हकिकत मी व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितली आहे. जोडीला निर्गमाचा 23वा अध्याय असायचा. मिसरात परके म्हणून दिवस काढलेल्यांनी आपल्या दारातल्या परक्याला छळू नये, अशी तिथं आज्ञा आहे. ती मी घरमालकांना उद्देशून म्हणायचो. ती ज्यांनी सोसलं त्यांना केलेली आहे, फारोला ती सांगितलेलीच नाही, हे इतक्यांदा वाचूनही मला वाचता आलं नव्हतं.

"त्याआधीचे?" या प्रश्नाला आपल्या देशात सरकारचं उत्तर एक आणि गावाचं दुसरं. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे कागदावर बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुऊन निघते आणि गावात निघत नाही. मंडळीत निघते का, हा तिसरा प्रश्न. तो मी कधी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर माझ्याच कपाटात होतं.

कपाटात म्हणजे वधू-वर नोंदवहीत. लाल कापडी पाठीची, लांबट रजिस्टर वही. मंडळीतल्या आणि आसपासच्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती मी तिच्यात ठेवायचो, आणि हे काम बिनपगारी आणि मनापासून करायचो. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, कोणत्या मंडळीचे सभासद, आणि शेवटचा रकाना 'मूळ गाव'. हा शेवटचा रकाना मी घातला. आमच्याकडे आडनावावरून काही कळत नाही. गायकवाड, शिंदे, जाधव मराठ्यांत आहेत, महारांत आहेत, मांगांतही आहेत. पण मूळ गाव कळलं, त्या गावात कुणाला तरी फोन लावून आजोबा काय करायचे ते काढलं, की जाणत्याला कळतं. आजोबा येसकर होते की दोर वळायचे, मिशनच्या शाळेत मास्तर होते की हलगी वाजवायचे. हा तपास करून मी रकान्याच्या कडेला पेन्सिलनं बारीकशी खूण करायचो. शाईनं करायचो नाही. शाईनं करायची लाज वाटायची, म्हणजे आत कुठंतरी कळत होतं.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं, 'ज्ञानोदय' 1842 साली तिथूनच निघाला. हा इतिहास आम्ही मोठ्या अभिमानानं सांगतो, आणि सांगावा असाच तो आहे. पण महारवाडे आणि मांगवाडे प्रभूकडे आले ते आपापल्या वेशीसकट आले, हे त्या इतिहासात आम्ही सांगत नाही. माझी आजी रविवारी प्रभुभोजनाचा द्राक्षारस ज्या पेल्यातून घ्यायची, त्याच पेल्याला मांगवाड्यातल्या बहिणीही ओठ लावायच्या. आजीची हरकत नसे. फक्त रांगेत ती पुढे असायची. सोमवारी त्याच बहिणींच्या दारात कुणी पाणी पुढं केलं तर म्हणायची, "नको गं, तहान नाही." उन्हाळ्यातसुद्धा तिला त्या गल्लीत तहान लागत नसे. आजी निरक्षर होती. मला ते कारण सांगता येत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपलं सोवळं सुटता सुटत नव्हतं ते हातचं न राखता लिहिलं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधली वर्षं त्या ओढाताणीची. हे पुस्तक आम्ही लग्नात भेट देतो. एक ब्राह्मण बाई पायरी उतरून आमच्यात आली, एवढंच आम्ही त्यातून घेतो. आपल्याही पायाखाली पायरी आहे, असं ते पुस्तक वाचून आमच्यातला कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. मीही म्हणालो नव्हतो.

मग भाच्याचं लग्न निघालं. बहिणीचा फोन आला, "दादा, एक मुलगी कळली आहे. मला पसंत आहे. पोराला तर आधीपासूनच पसंत होती की काय, असं वाटतंय. तू एकदा बघून घे." मुलगी नर्सिंगची पदवीधर, रुग्णालयात नोकरीला, गळा गोड, गायनमंडळात पुढे. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मी नेहमीसारखे फोन लावले. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये सनई वाजवायचे, असं कळलं. मी पेन्सिल घेतली.

"ताई, मुलगी चांगली आहे, पण आपल्यातली नाही."

"म्हणजे? कॅथलिक आहे?"

"नाही."

ताई पुढं काही बोलली नाही. भाचा बोलला. त्याला मी करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं विजोड जुवाचं वचन ऐकवलं. ते वचन विश्वास नसलेल्यांशी जू जोडण्याबद्दल आहे. भाचा म्हणाला, "मामा, तिचं पाठांतर माझ्यापेक्षा जास्त आहे. विजोड झालं तर ते माझ्यामुळं होईल." मी हसण्यावारी नेलं. शास्त्र माझ्या हातात होतं आणि वयही माझ्या बाजूला होतं.

नकार कळवायचं काम माझ्याकडे आलं. पत्रिका जुळत नाही म्हणायची सोय आम्हा ख्रिस्ती लोकांना नाही. आमची सोय निराळी आहे: "आम्ही प्रार्थना केली, पण उत्तर आलं नाही." यावर समोरच्यानं काय बोलायचं? देवाच्या निकालावर अपील कुठं करायचं? मुलीच्या वडिलांना मी फोनवर हेच वाक्य सांगितलं, जरा आवाज उतरवून सांगितलं, आणि शेवटी "प्रभू तिच्यासाठी उत्तम तेच राखून ठेवील" असंही जोडून दिलं. कबूल करायचंच तर पुरतं करतो. मी प्रार्थना केलीच नव्हती.

पुढं कधीतरी मनात आलं, रूथचं स्थळ माझ्या वहीत आलं असतं तर? मवाबी. विधवा. सासूबरोबर बेथलेहेमात येऊन लोकांच्या शेतात सरवा वेचणारी. शिवाय मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत घेऊ नये, असं अनुवादाच्या 23व्या अध्यायात चक्क लिहिलेलं. म्हणजे मला वचनही शोधावं लागलं नसतं. मी बवाजाला फोन करून म्हणालो असतो, प्रार्थनेत उत्तर आलं नाही. मग ओबेद नाही, इशाय नाही, दावीद नाही. मत्तयानं येशूची वंशावळ लिहिताना रूथचं नाव गाळलेलं नाही. तामार आणि राहाबेचंही गाळलेलं नाही. तो रकाना त्यानं उघड्यावर, शाईनं भरून ठेवला आहे.

मला हे सुचायला एक बाई कारण झाल्या. महिला मंडळाच्या सभेत गणनेचा 12वा अध्याय घ्यायला मला बोलावलं होतं. मोशेनं कूशी बायको केली म्हणून मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागले. मिर्यामला कोड फुटलं, ती सात दिवस छावणीबाहेर राहिली, आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. मी रंगवून सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "आणि अहरोनाला काहीच नाही, सर?" सगळ्या हसल्या, मीही हसलो. खरं तर या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

मग भिंतीकडेच्या एक बाई बोलल्या. त्या मी नाकारलेल्या मुलीच्या आत्या, हे मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "सर, मिर्यामला भावजय कूशी म्हणून नको होती ना? मग ती तसं म्हणत का नाही? पुढच्याच ओळीत ती म्हणते, देव काय फक्त मोशेशीच बोलतो? आमच्याशी नाही बोलत? बायकोची गोष्ट सोडून एकदम देवावर कशी गेली?"

अध्याय उघडून बघा, तसंच आहे. तक्रार सुरू होते बायकोवरून, आणि लगेच तिला धार्मिक रूप येतं. बायकोचा विषय पुन्हा निघतच नाही. हा अध्याय मी कितीदा शिकवला असेल, पण हा सांधा मला दिसला नव्हता. त्या बाईंना दिसला, कारण तो सांधा त्यांच्या घरात फोनवरून आला होता.

मी काय केलं? कूश देशाचा भूगोल सांगितला. मिसराच्या दक्षिणेला, नाईलच्या काठी, तिथले राजे, तिथलं सोनं. बराच वेळ सांगितला. सभा संपली, प्रार्थना झाली, चहा झाला. घरी येताना बायको म्हणाली, "त्या विचारत नव्हत्या. सांगत होत्या. आणि तुम्हाला ते कळलं होतं, नाहीतर एवढा नाईल कशाला वाहिला असता?"

त्यानंतर मी मुलीच्या घरी गेलो. लगेच गेलो नाही; आधी तिचं लग्न दुसरीकडे होऊन गेलं, मग गेलो. तेव्हा धोका कमी होता. काखेत बायबल होतं. मनात लेव्यापासून गलतीकरांपर्यंतची वचनं लावून ठेवली होती, म्हणजे क्षमा मागतानासुद्धा मी उपदेशच करणार होतो. वडिलांनी सलाम केला, खुर्ची दिली, माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, कारण आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही ज्याला फोन केला तो आमच्या भावकीतलाच. नाही म्हणालात त्याचं एवढं नाही, नाही आम्हीही कुणाकुणाला म्हटलंय. पण तुम्ही देवाचं नाव पुढं केलंत. पोरगी किती दिवस विचारत होती, पपा, माझ्यात असं काय आहे की देवानं नाही म्हणावं?"

मी बायबल उघडायला लागलो. ते म्हणाले, "ते राहू द्या. जेवायची वेळ झाली आहे."

भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. त्या गल्लीत मी नाताळची गाणी म्हणायला दरवर्षी जात होतो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जात होतो. जेवलो कधीच नव्हतो. तहान न लागणं माझ्याकडे आजीकडूनच आलं असणार.

इथं थांबलो तर माझी गोष्ट बरी दिसेल; म्हणून पेत्राचं सांगतो. तो याफोत कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. तिथं त्याला ते दर्शन झालं, आकाशातून उतरणारी चादर आणि तिच्यात सगळे शुद्ध-अशुद्ध प्राणी. दर्शन एकदा होऊन भागलं नाही, तीनदा व्हावं लागलं. मग तो कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला. देव तोंड बघून माणूस निवडत नाही हे आता मला कळलं, असं तो तिथं सगळ्यांसमोर बोलला. यरुशलेमात परतल्यावर लोकांनी त्याला धारेवर धरलं ते एकाच मुद्द्यावर: तू त्यांच्याबरोबर जेवलास. त्यानं तेही निभावलं. आणि एवढं सगळं झालेला हा माणूस नंतर अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंगतीत बसलेला असताना याकोबाकडची माणसं आली, तर ताटावरून उठून बाजूला झाला. का? तर ती माणसं काय म्हणतील म्हणून. त्याचं बघून बर्णबासुद्धा उठला. पौलानं त्याला सर्वांदेखत सुनावलं, आणि गलतीकरांच्या पत्रात ते लिहूनही ठेवलं.

म्हणजे दर्शन झालेला माणूस पुन्हा घसरतो. मीही घसरलो. त्या जेवणानंतर काही महिन्यांनी आमच्याच नात्यातल्या एका लग्नात ते गृहस्थ आले होते. पंगतीत त्यांनी शेजारची खुर्ची धरून ठेवली आणि मला हात केला. समोरच्या टेबलावर आमच्या घराण्यातली वडीलधारी मंडळी होती. त्यांनी काही म्हटलं नव्हतं, बघतही असतील-नसतील. मी "आलो, आलो" म्हणालो आणि ताट घेऊन दुसऱ्याच रांगेला गेलो. अंत्युखियात पौल होता. आमच्या लग्नात पौल कुणी नव्हता, त्यामुळं हे कुणाला कळलं नाही, एका माणसाखेरीज. ते पुढं भेटले तेव्हा नेहमीसारखाच सलाम करून गेले. मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो, बायबल न घेता. या वेळी क्षमा मागायला दोन वाक्यं लागली.

नाताळच्या खुर्चीचंही सांगून टाकतो, कारण त्यात जातीचा संबंध कमी आणि पैशाचा जास्त. आमच्याकडे नाताळ म्हणजे ऐन ऊसतोडीचा हंगाम. साखर कारखान्याच्या माळावर कोप्या पडलेल्या असतात, बीडकडची माणसं आलेली असतात. त्यांतली काही कुटुंबं विश्वासी. उपासनेला येतात, मागं सतरंजीवर बसतात. एका नाताळला एक म्हातारी लवकर येऊन पुढच्या हातवाल्या खुर्चीत बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर नात. उपासना सुरू झाल्यावर एक पुढारी शुभेच्छा द्यायला आले, मागं पाच-सहा कार्यकर्ते. स्वागताचं काम माझ्याकडे. मी म्हातारीला म्हणालो, "मावशी, जरा मागं बसता का?" ती उठली. कुरकुर केली नाही, सवय असणार. पुढारी भाषण करून, शाल घेऊन, उपदेशाआधीच निघून गेले. खुर्ची उरलेला वेळ रिकामी होती. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढं बसवायचं आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी, हे याकोबानं आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जसंच्या तसं रंगवलं आहे, आणि तो अध्याय मी त्याच महिन्यात मुलांकडून पाठ करून घेतला होता. एका मुलानं नंतर विचारलं, "सर, ती अंगठी त्या साहेबांच्या हातात होती ना?" मी त्याला ओरडलो.

पूर्वग्रह ओळखायचा कसा, असं आता कुणी विचारलं तर मी माझ्यापुरतं एवढंच सांगू शकतो: ज्या निर्णयासाठी मला वचन शोधावं लागतं, तिथं मी थांबतो. भुकेल्याला भाकर द्यायला मला कधी वचन शोधावं लागलं नाही. मुलगी नाकारायला लागलं. आणि त्यावर उपाय म्हणून नथनेलाचं घ्यावं. नासरेथातून काय चांगलं निघणार, असं तो पहिल्या झटक्यात बोलून गेला. तो स्वतः कानाचा, म्हणजे त्याच गालीलातला. शेजारच्या गावाबद्दल आपण बोलतो तसंच ते. फिलिप्पानं त्याच्याशी वाद घातला नाही, ये आणि पाहा म्हणाला. नथनेलाचं मोठेपण एवढंच की तो उठून गेला. मी वर्षानुवर्षं फोनवर चौकशी करत होतो, गेलो कुठंच नव्हतो.

'मूळ गाव' हा रकाना मी बंद केला. पेन्सिलच्या खुणा खोडायला बसलो, तर जुन्या खुणांचे वळ कागदावर राहिले. मग नवी वही केली. लोकांचे फोन अजून येतात. "बाकी सगळं ठीक आहे सर, पण मूळचे कुठले?" मी म्हणतो, पत्ता देतो, जाऊन या. काही जण जातात. बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत. ते दुसऱ्या कुणाला तरी विचारत असणार.

रकाना खोडणं सोपं होतं, कारण ते माझ्या एकट्याच्या हातात होतं. प्रेषितांच्या कृत्यांतला 6वा अध्याय जास्त अवघड आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर आली. प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही, की सगळे एक आहोत असा उपदेश केला नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. ती सात नावं वाचा. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाच, सगळी ग्रीक. शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्मात नव्यानं आलेला. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांकडे किल्ल्या गेल्या.

आमच्या पंच कमिटीत वर्षानुवर्षं चार-पाच घराण्यांचीच माणसं होती, आणि ती सगळी वहीत पेन्सिलची खूण न लागणारी घराणी. गरजूंच्या मदतनिधीची पेटी आमच्याकडे, चावी आमच्याकडे, कुणाला किती द्यायचं तेही आमच्याकडे. निधीची जबाबदारी त्या गल्लीतल्या लोकांकडे द्यावी, असा ठराव मी वार्षिक सभेत मांडला. चर्चेत तो भेदभाव वाढवणारा आहे, असं ठरलं. मंडळीत जात कुणी बघत नाही, मग ती काढता कशाला, असं एक वडील म्हणाले. ठराव पडला. पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्या गल्लीतले दोघं कमिटीवर आले. चावी अजून आमच्यातल्याकडेच आहे.

येत्या नाताळाआधी पंच कमिटीची निवडणूक आहे. यंदा मी उभा नाही, आणि माझ्या घरातलंही कुणी उभं राहणार नाही.